काडीवाला आणि पोटात कांडीवाला

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, माझी नथ तुझी!

फार मागं, रेडिओ स्वतःच्या मनानं बोलायचे, तेव्हाची गोष्ट. बंदरावरच्या दुकानात हिरू नाखवा आला. वादळाची बातमी ऐकल्याबिगर होडी लोटायची कशी?

चकचकीत रेडिओनं एरियलची हातभर काडी ताणली. "नाखवा, मला घ्या! माझी काडी ढगाला गुदगुल्या करते!" मग शेजारच्या जाड्या ठोकळा रेडिओला म्हणाला, "तुझी काडी कुठाय रं, ढब्ब्या?"

"माझी फेराइटची कांडी पोटात हाय. मिडियम वेव्ह तीच धरते."

नाखव्यानं बातम्यांसाठी मिडियम वेव्ह लावलं. चकचकीत नुसता खरखरला. काडी आणखी ताणली, तरी खरखरच!

"आता मला लावा, नि जरा फिरवा," ठोकळा म्हणाला.

नाखव्यानं त्याला होडीगत हळूहळू वळवलं. पोटातली कांडी स्टेशनाला आडवी आली मात्र, आवाज खणखणीत आला: "समुद्र खवळणार, होड्या काढू नका!"

नाखव्यानं ठोकळा काखोटीला मारला.

"आणि मी?" चकचकीत रडकुंडीला आला.

"तूबी चल. काडीवर बोंबील वाळवू!"

होड्या किनाऱ्यालाच राहिल्या, म्हणून वाचल्या. वादळ सरल्यावर बोंबीलबी झकास वाळले. काडी अजून ताठ हाय बरं का!

नथ? कसली नथ? पळ आता, मला बोंबील भाजायचेत!