दिवा विझेपर्यंत

कचेरीतल्या बारटक्के साहेबांची डिझेल गाडी माणूस ओळखते, अशी आमच्या गावात बोलवा होती. थंडीतल्या सकाळी गांगुर्डे ड्रायव्हर बसला की ती लगेच सुरू व्हायची. रविवारी साहेब स्वतः बसले की नुसती घरघरायची आणि पांढरा धूर ओकायची. शेवटी साहेबांनी ठरवलं, गांगुर्डेच शनिवारी काहीतरी खोडी करून जातो. त्याची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा त्याने गॅरेजवाल्या शकूर मिस्त्रींना गळ घातली.

रविवारी मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. “साहेब, नेहमीसारखी सुरू करा बघू.”

साहेबांनी एका दमात चावी शेवटपर्यंत फिरवली. घरघर झाली, धूर निघाला, बस्स.

“साहेब, चावी अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत आतले हीटर तापतात. गांगुर्डे तेवढं थांबतो.”

“मी थांबायचं? एका दिव्यासाठी?” साहेब कडाडले.

“मी थांबलोय की! गेल्या महिन्यात एका सहीसाठी तुमच्या केबिनबाहेर तीन तास बसलो होतो. दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत कुणी आत यायचं नाही, हा तुमचाच नियम.”

साहेबांनी या वेळी चावी अर्धीच फिरवली. पाच-सहा सेकंदांत पिवळा दिवा विझला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

“पण गाडी तुमच्यापेक्षा बरी, साहेब,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “हिचा दिवा विझला की काम होतं. तुमचा विझला तेव्हा शिपाई म्हणाला, उद्या या.”