भिंतीवरचे ठिपके

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते. तिथे सुभानजी नावाचा मोजणीदार होता. माणसे, गुरे, विहिरी, सगळे तोच मोजत असे. त्याची मोजणी कधी चुकत नाही, असे लोक म्हणत. तोही तसेच म्हणे.

एका वर्षी मुलखात तापाची साथ आली. राजाने फर्मान काढले, "गावोगाव आजारी मोजा. जिथे जास्त, तिथे राजवैद्य आधी जाईल."

सुभानजी चावडीवर बसला. शेजारी चुना आणि गेरू ठेवला. जो येईल त्याने भिंतीवर ठिपका लावायचा. धडधाकट माणसाचा पांढरा, तापकऱ्याचा तांबडा. ठिपक्यावर ठिपका चढत गेला. पांढरी रांग आढ्याला टेकली. तांबडी वीतभरही झाली नाही.

ओढ्यापलीकडच्या वाडीतून येसाई नावाची म्हातारी काठी टेकत आली. म्हणाली, "सुभाना, वाडीत घरटी माणूस पडलंय. त्यांचे ठिपके मी लावते."

"जो येईल त्याचाच ठिपका. ऐकीव मी मोजत नाही."

"तापानं फणफणलेला माणूस इथवर चालत येईल होय रे? तूच चल की. तुझी सगुणा चार दिवस पाण्याला दिसली नाही."

सगुणा त्याची एकुलती लेक. वाडीतच दिलेली. सुभानजीने ओढ्याच्या दिशेने पाहिले. मग म्हणाला, "ताप असता तर जावयाने निरोप धाडला असता. आणि ओढ्याला पाणी आहे."

"पाण्यानं मला सत्तरीत अडवलं नाही," म्हातारी म्हणाली आणि परत फिरली.

राजाचा स्वार आला. त्याने भिंत पाहिली, मान डोलावली. वैद्य दुसऱ्या गावाला गेला.

आठव्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला. वाडीतून कोणीच आले नाही. तेव्हा सुभानजी उठला. ओढ्यात उतरला. पाणी घोट्याइतके होते.

जावई उंबऱ्यावर बसला होता. हाडांचा सापळा झाला होता. घरात चूल थंड होती.

"सगुणा?"

"परवा गेली."

"निरोप का नाही दिलास?"

"मामा, मी आज उठून बसलोय. निरोप द्यायला उठणार कोण होतं?"

सुभानजी घरोघर फिरला. अकरा माणसे गेली होती. येसाईचे दार उघडे होते, आत कोणी नव्हते. गेलेल्यांत ती बारावी.

तो चावडीवर आला. भिंतीसमोर उभा राहिला. त्याने एकही ठिपका खोटा लावला नव्हता. चुन्यात बोट घातले, काढले. गेरूत घातले, काढले. गेलेल्या माणसासाठी त्याने रंगच ठेवला नव्हता.

पुढे तो मोजणीला निघाला की वाडीच्या शेवटच्या, येसाईच्या घरापासून सुरुवात करी. पण त्या घरात ठिपका लावायला आता कोणी उरले नव्हते.

तात्पर्य: समोर आले तेवढेच मोजून सगळ्यांचे सांगू नये. जो येऊ शकत नाही, त्याच्या दारी आधी जावे.