काडीला जागा

विहिरीवरची बाभूळ अजून तरुण होती, तेव्हाची गोष्ट. तिथले सुगरण नर घरटं अर्धं विणलं की मादीला दाखवत. पसंत पडलं तर उरलेलं दोघं मिळून पुरं करत.

एक नर मात्र हट्टी. एक मादी रोज येऊन विचारी, "बघू का आत?"

"अर्धवट काम मी दाखवत नाही. थांब जरा."

अखेर घरटं पुरं झालं. इतकं सुबक की दृष्ट लागावी. त्यानं हौसेनं हाक मारली, तर ती शेजारच्या वेड्यावाकड्या घरट्यातून डोकावली. चोचीतली काडी तिनं बाजूला ठेवली.

"सुरेख झालंय रे. पण यात मी काडी लावू कुठे?"

ती गेल्यावर त्यानं आपल्या भिंतीतली एक काडी हळूच उपसली आणि वाट बघत बसला. तोवर बाकीच्या घरट्यांतून पिल्लांचा चिवचिवाट सुरू झाला होता.