रस्ता बंद असल्याचा लेखी पुरावा

मी नायब तहसीलदार होतो तेव्हा मला सुनावण्यांच्या सगळ्या व्याख्या पाठ होत्या, आणि समोर कोणीही आलं तरी त्या म्हणून दाखवायची खोडही होती.

सगुणाक्का तोडकरांचा अर्ज आला. शेजाऱ्याने चर खणून त्यांच्या वस्तीचा रस्ता बंद केला होता. पहिल्या तारखेला मी म्हणालो, "ही प्राथमिक सुनावणी. हिच्यात अर्ज घ्यायचा की नाही, एवढंच ठरतं." दुसऱ्या तारखेला म्हणालो, "ही पुराव्याची सुनावणी. रस्ता बंद असल्याचा लेखी पुरावा आणा, नाहीतर अर्ज फेटाळतो." तिसऱ्या तारखेला आक्का आल्याच नाहीत.

आठवड्याने मात्र चिखलाने भरलेल्या पायांनी थेट माझ्या टेबलासमोर उभ्या. "साहेब, मला तारीख का कळवली नाही?"

मी ऐटीत रोजनामा उघडला आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं वाचलं, "वस्तीचा रस्ता बंद असल्याने कोतवाल नोटीस बजावू शकला नाही. कारण खरे आहे. सही, नायब तहसीलदार."

"सही तुमचीच ना?"

"म्हणजे काय! माझीच."

"मग याचीच नक्कल माझ्या अर्जाला लावा. लेखी पुरावा तुम्हीच मागितला होता."

कारकुनाने तोंडात रुमाल कोंबला.

"आणि साहेब," आक्का म्हणाल्या, "जिच्यात साहेबच साक्षीदार निघतात, त्या सुनावणीला काय म्हणतात?"

माझ्या पाठांतरात ती नव्हती.

"अंतिम म्हणतात, आक्का," मी म्हणालो आणि आदेश लिहायला घेतला.