कडेवरची फट

"मग काच सोडून धातूच का घेतलास?" मठाचे महंत केशवगिरींनी विचारलं.

हेरंबला प्रश्न सोपा वाटला. मोबाइलची बाहेरची अंगं घडवण्यात त्याचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तो मठातही विसरला नव्हता.

"काच दिसते देखणी, पण पडली की तडकते. प्लास्टिक मार सोसतं, पण हातात हलकं वाटतं. धातूला फार तर पोचा येतो, महाराज. फुटत नाही."

"आणि तू?"

"मीही नाही फुटलो. मृदुला, माझी बायको, चैत्रात गेली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही." त्याच्या बोलण्यात थोडी ऐटच होती. "फक्त ओवी... पोरीला मावशीकडे ठेवलंय. रोज दिवेलागणीला फोन करते. मी घेत नाही."

"का?"

"आवाज अगदी आईचा आहे तिचा."

गिरींनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

"मला दीक्षा द्या, महाराज. इथंच राहतो. मन असं घट्ट करा, की बाहेरचं काही आत येणार नाही."

बाहेर अंधारून येत होतं. गिरींनी त्याचा फोन उचलला. कडेवर बोट फिरवलं.

"ही रेघ कसली?"

"ती फट. तिथं धातू कापून प्लास्टिक भरतो आम्ही."

"त्यानं मजबुती कमी होत नाही?"

"थोडी होते. पण चहूबाजूंनी धातूच ठेवला, तर बाहेरची हाक आत पोचणार कशी? मग तो फोन कसला..."

हेरंब बोलता बोलता थांबला.

गिरींनी भस्माचा पितळी डबा ओढला. भस्म धुनीत रितं केलं. फोन आत ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"झाली दीक्षा."

हेरंब डब्याकडे पाहत राहिला. देवळीत दिवा लागला... डबा गप्पच होता. पितळेतून काही आत यायचं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ओवीची फोन करायची वेळ झाली होती. ती आत्ता कानाला फोन लावून उभी असेल.

त्याने झाकणाला नखं लावली. झाकण हलेना. डोळ्यांपुढचा दिवा धूसर झाला.

"राहू दे," गिरी धुनी सारखी करत म्हणाले, "थोडे दिवस हाका मारेल. मग तिलाही सवय होईल."