बत्तिसाव्या पानापुढे

एका माळावरच्या गावात एक वाचन मंडळ होतं. सभासद सात घरं, आणि महिन्याला पुस्तक एकच. ते घरोघर चार-चार दिवस फिरायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळे वाचनालयातल्या सतरंजीवर जमायचे. झालेल्या पुस्तकावर बोलायचे, मग पुढचं निवडायचे. ज्याला जे सुचवायचं ते त्याने मध्ये ठेवायचं, आणि बाकीच्यांनी पसंतीच्या पुस्तकापुढे एकेक चिंचोका टाकायचा.

चिंचोके नेहमी सगळ्यात जाड पुस्तकापुढे पडत. पातळ पुस्तक निवडलं तर लोक आपली अक्कलही तेवढीच समजतील, ही ज्याची त्याला भीती.

मंडळातल्या द्वारकाबाईंच्या घरी केतकी नावाची सून आली. तिचं माहेर दूर, खाडीकाठी. येताना तिने ट्रंकेतून नावाड्यांच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक आणलं होतं. तिचे वडील ते पडवीत बसून मोठ्याने वाचायचे. इथे नजर जाईल तिथवर ज्वारी. वारा सुटला की पिकावरून लाट जायची, आणि केतकी हातातलं काम थांबवून बघत राहायची. तिला एवढंच हवं होतं, की हे पुस्तक इथे कुणीतरी वाचावं. आपण कुठून आलो ते निदान एका माणसाला तरी कळावं. दर महिन्याला ती ते पिशवीत घालून न्यायची, आणि तसंच परत आणायची.

एकदा शाळेतल्या त्र्यंबकगुरुजींनी सुचवलेला चारशे पानी ग्रंथ फिरत फिरत शेवटी द्वारकाबाईंच्या घरी आला. त्यांनी तो दोन दिवस उशाशी ठेवला आणि सुनेकडे दिला. त्याची पानं छापखान्यातून कडेला जोडलेलीच आली होती. वाचणाऱ्याने ती सुरीने कापत पुढे जायचं. केतकीने बघितलं, बत्तिसाव्या पानापुढे एकही पान कापलेलं नव्हतं. सहा घरं फिरून आलेला ग्रंथ! तिने सुरी आणली. पण पुढे वाचावंसं तिलाही वाटेना. तिने सुरी जागेवर ठेवली.

रविवारी सगळे जमले.

“शेवट तर काय, विचार करायला लावतो,” गुरुजी म्हणाले.

“मला तर रडूच आलं बाई,” शिलाईकाम करणाऱ्या सोनाआत्या म्हणाल्या.

द्वारकाबाईंनीही मान डोलावली.

“सूनबाई, तुम्ही बोलत नाही. शेवट कसा वाटला?” गुरुजींनी विचारलं.

केतकीच्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलली असती, तर सात घरांची मान खाली गेली असती; त्यात तिचं घरही होतं.

“गुरुजी, मला नाही जमलं,” ती म्हणाली. “मी बत्तिसाव्या पानावरच थांबले.”

बत्तीस हा आकडा कुणालाच नवा नव्हता. गुरुजी चष्मा पुसायला लागले.

सोनाआत्यांनाच आधी हसू फुटलं. “अगं, बत्तीस म्हणजे पुष्कळ झालं! मी सोळाव्यालाच हात टेकले.”

“म्हणजे बत्तीसपर्यंत कापणारा मीच,” गुरुजी म्हणाले, आणि तेवढ्यातही थोडे फुगले.

आता आपण गप्प बसलो तर आपलं पुस्तक पुन्हा ट्रंकेत जाईल, हे केतकीला कळलं. तिने पिशवीत हात घातला.

“हे काही मोठं नाही. कोपरे दुमडलेत, हळदीचे डागही आहेत. पण हे मी पूर्ण वाचलंय. बारा वेळा.”

द्वारकाबाईंनी मूठ उघडली आणि आपला चिंचोका सुनेच्या पुस्तकापुढे टाकला. बाकीचे चिंचोके मागोमाग पडले.

“वाच बघू थोडं,” त्या म्हणाल्या.

केतकी वाचायला लागली. चार ओळींतच तिच्या आवाजाला माहेरचा हेल आला. दुसऱ्या पानावर सासूबाईंनी थांबवलं.

“ओहोटी म्हणजे काय गं?”

“खाडीचं पाणी मागे जातं, आई. आलं होतं तिकडे.”

“आणि मग?”

“मग पुन्हा येतं. रोजच.”

“बरं आहे पाण्याचं,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांना सासरी येऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, “माझ्याही ट्रंकेत एक आहे. पुढच्या महिन्यात आणते.”

तात्पर्य: न वाचलेल्या मोठ्या पुस्तकाची वाहवा करू नये, जीव लावून वाचलेलं लहान पुस्तक भीत भीत का होईना, चारचौघांत ठेवावं. त्याने आणखी कुणाची तरी ट्रंक उघडते.