दोरीवरचा जास्तीचा झगा

समुद्राच्या पलीकडे एक शहर होतं. तिथलं धुकं इतकं दाट, की दुपार झाल्याशिवाय सूर्याला घरांची छपरंच सापडायची नाहीत. त्या शहरात राजाचं मोठं नाटकघर होतं, आणि नाटकघराच्या तळघरात निनेत नावाची मुलगी राहायची. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. होती एक धुण्याची टोपली, एक विरलेली शाल आणि थंडीनं भेगाळलेली चिमुकली बोटं. दिवसभर ती नाचणाऱ्या मुलींचे झगे धुवायची आणि मागच्या बागेत वाळत घालायची.

नाटकघरात बॅले व्हायचा. बॅले म्हणजे न बोलता, नुसतं नाचून सांगितलेली गोष्ट. पण तेव्हाचे झगे केवढे जड! माणकासारखे लाल, मोरपिशी, सोनेरी वेलबुट्टीचे, आतून वेताच्या कड्या लावलेले आणि थेट जमिनीवर लोळणारे. नाचणारीचे पाय कुणाला दिसायचेच नाहीत. एखादा मोठा झुलता पडदाच इकडून तिकडे चाललाय असं वाटायचं.

सगळ्यांत सुरेख नाचायची सिलवी. ती रोज आपल्या पावातला अर्धा तुकडा निनेतला द्यायची आणि तिची गार बोटं आपल्या हातात धरून चोळायची. एक दिवस तालमीत सिलवीचा पाय झग्याच्या काठात अडकला आणि ती धाडकन पडली. घोटा टम्म सुजला.

कपडेपट सांभाळणाऱ्या बर्तबाई म्हणाल्या, "राणीसाहेबांसमोर अशी पडलीस, तर तुला इथे कुणी ठेवून घेणार नाही, बाळ."

 निनेतला त्या दिवशी पाव गिळवेना.

संध्याकाळी ती झगे काढायला बागेत गेली. बागेत पांढऱ्या खोडांची उंच झाडं होती आणि आटलेलं कारंजं होतं. तिथे पाखरं कधी गात नसत. दोरीपाशी येऊन निनेत थबकली. तिनं वाळत घातला नव्हता असा एक झगा दोरीवर होता. राखाडी, झिरझिरीत, पाकोळीच्या पंखासारखा. वाऱ्याची झुळूक नव्हती, बाकीचे झगे निश्चल होते, आणि तो एकटाच थरथरत होता.

 निनेतला पळून जावंसं वाटलं. पण मग तिच्या मनात आलं, की थंडीनं आपणही असेच तर कापतो. तिनं आपली शाल काढली आणि हळूच त्या झग्यावर टाकली.

झगा वळला. त्याला इवलासा चेहरा होता, चांदीच्या टिकल्यांसारखे डोळे होते आणि खांद्यांवर दवाचे थेंब चमकणारे पंख होते. ती परी होती. पण झग्याचा काठ जिथे संपत होता, तिथे खाली काही नव्हतं. पाय नव्हते. नुसतं ओलं गवत.

"तुला भीती नाही वाटली?" परीनं विचारलं. तिचा आवाज कारंज्याच्या कोरड्या नळीतून आल्यासारखा होता.

"वाटली," निनेत म्हणाली. "पण तू कुडकुडत होतीस."

 परी म्हणाली, "तुला तीन गोष्टी मागता येतील. पण स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि मी फक्त कापडाला सांगू शकते. आगीला नाही, माणसांनाही नाही. जे कापड कापलं जाईल ते सगळं मला आणून द्यायचं. एक धागाही मागे ठेवायचा नाही."

"कापड कशाला हवं तुला?"

"मला नको. त्यांना हवंय."

निनेतनं झाडांकडे पाहिलं. तिथल्या धुक्यात मुली उभ्या होत्या. रांगेत, एकमेकींचे हात धरून. त्यांना चेहरे नव्हते, पण त्या सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या हे तिला कळलं.

"या पूर्वी इथे नाचायच्या," परी म्हणाली. "मेणबत्त्यांची झुंबरं होती तेव्हा. नाचता नाचता ज्योत झग्याला लागली. आता त्यांना फार थंडी वाजते. मी माझ्या झग्याचा काठ फाडून त्यांना दिला. परीचा काठ गेला की पायही जातात."

निनेत एक पाऊल पुढे आली. "मग पहिलं हे मागते. सिलवीताईचा झगा हलका होऊ दे."

"काठ कापून आण. उरलेलं मी बघते."

 निनेत कात्री चालवत असताना सिलवीनं स्वतः जरीचा काठ ताणून धरला. कापलेला काठ निनेतनं बागेत नेऊन दिला, तेव्हा धुक्यातून गार हात पुढे आले आणि अलगद तो घेऊन गेले.

सकाळी तो झगा दहिवराचा विणल्यासारखा झाला होता. शुभ्र, तलम, उमललेलं कमळ उलटं ठेवावं तसा, आणि पोटऱ्यांपर्यंतच. पाठीवर दोन पिटुकले पंखही आले होते. बर्तबाईंनी तो दोन बोटांत धरून निरखला आणि एवढंच म्हणाल्या, "बाकीच्यांचेही असेच कर गं." त्या रात्री बाकीचे काठही बागेत गेले.

राणीसाहेबांसमोर सिलवी चवड्यांवर उभी राहिली आणि लोकांना पहिल्यांदाच नाचणारीची पावलं दिसली. ती नाचत नव्हतीच जणू, तरंगत होती. शहरभर तिचंच नाव झालं.

पण त्या तलम कापडाचा आगीवर भारी जीव. रंगमंचाच्या कडेला गॅसच्या दिव्यांची रांग होती. निळ्या जिभा काढून ते दिवे फुसफुसत असायचे. मुली जवळून गेल्या की झग्यांचे काठ आपणहून दिव्यांकडे झुकायचे. एका तालमीत एकीचा काठ पेटलाच. पडद्याआड ओलं कांबळं टांगलेलं होतं, म्हणून ती वाचली. बर्तबाईंनी झगे तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितले, म्हणजे ते पेटणार नाहीत. पण झगे पिवळट आणि कडक झाले. मुलींनी ते घालायला नकार दिला.

निनेत बागेत गेली. धुक्यातल्या मुली आता जरीच्या काठांत गुंडाळलेल्या होत्या. पण रांगेत काहीतरी बदललं होतं. मध्येच त्यांनी एक जागा मोकळी सोडली होती. जेवायला बसताना येणाऱ्यासाठी सोडतात, तशी.

"ही कुणासाठी?" निनेतनं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," परी म्हणाली.

सिलवीताईसाठी, निनेतला वाटलं. "आग तिच्यापासून लांब राहू दे."

"आग माझं ऐकत नाही. कापड ऐकतं."

"मग झगा गुडघ्यांपर्यंत होऊ दे, आणि दिव्यांकडे झुकणार नाही असा ताठ."

सिलवीचा झगा तसा झाला. चुण्यांवर चुण्या, जाळीवर जाळी, शेवंतीच्या फुलासारखा. पुढच्या ओळीत बसणाऱ्या म्हाताऱ्या सरदारीणबाईंनी गुडघे दिसले म्हणून पंख्याआड तोंड लपवलं. सिलवी मात्र हसत हसत गिरक्या घेत राहिली. निनेत कापलेलं कापड घेऊन आनंदानं बागेत धावली.

जागा मोकळीच होती.

या वेळी ती जवळ गेली. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी धरण्यासाठी हात पुढे केले होते. पण ते हात खाली होते, फार खाली. सिलवीसारख्या उंच मुलीचा हात धरायला कुणी इतकं वाकत नाही. निनेतनं आपला हात उचलला. तो अगदी त्यांच्या हातांशी जुळला असता. तिनं तो पटकन पाठीमागे घेतला.

परी तिच्या शेजारी आली होती. "आता कळलं तुला," ती हळूच म्हणाली. "एक मागणं उरलंय. आणि नियम तोच आहे."

 निनेतला तळघर आठवलं, बोटं चोळणारे सिलवीचे हात आठवले. खूप रडावंसं वाटलं. मग तिनं डोळे पुसले.

"सिलवीताईला अजूनही मोठी उडी मारताना खाली बघावं लागतं," ती म्हणाली. "काठ पायात येईल म्हणून. कुणालाच खाली बघावं लागू नये. पाय नेतील तिथवर उडी जाऊ दे."

 परीच्या चांदीच्या डोळ्यांतून एक थेंब गवतावर पडला आणि बराच वेळ तिथे चमकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सिलवीचा झगा कमरेभोवती आडवा पसरला होता, तबकासारखा सपाट, काठाला बारीक चमचमणारे मणी. पाय पूर्ण मोकळे. त्या संध्याकाळी नाटकघर गच्च भरलं. निनेत पडद्याआड शाली घेऊन उभी होती. गोष्टीतल्या चांदण्या म्हणून लहान मुली नाचत होत्या. त्यांचे झगे अजून पहिल्या मागण्यावेळचेच, पोटऱ्यांपर्यंतचे, तलम कापडाचे होते. सगळ्यांत छोटी नोएमी गिरकी घेता घेता दिव्यांपाशी गेली. एक निळी जीभ लांब झाली आणि तिच्या काठाला टेकली.

निनेत धावली. तिनं नोएमीला खेचलं, काठावरची ठिणगी हातांनी विझवली आणि तिला मागे ढकललं. तेवढ्यात तिचा स्वतःचा जुना झगा दिव्यांवरून ओढला गेला. तो एकदम पेटला. लोकांचा गलका झाला, पण निनेतला तो ऐकू आला नाही. तिला फक्त गवतावरून चालल्यासारखी हलकी पावलं ऐकू आली आणि दोन गार हात जवळ येताना दिसले.

सिलवी रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिनं खाली पाहिलं नाही. पडद्याआडचं ओलं कांबळं ओढलं आणि उडी घेतली. तशी उडी त्या शहरात कुणी कधी पाहिली नव्हती. एका उडीत अर्धा रंगमंच, दुसऱ्या उडीत दिव्यांची रांग तिच्या पायांखालून गेली, आणि एकही जीभ तिच्यापर्यंत पोहोचली नाही. तिनं निनेतला कांबळ्यात लपेटलं आणि घट्ट धरून ठेवलं. धूर निघाला, मग तोही थांबला. निनेतच्या झग्याचा खालचा भाग जळून गेला होता. मनगट थोडं भाजलं होतं. बाकी ती होती तशी होती.

"मी आहे, पिल्लू," सिलवी म्हणत होती. "मी आहे."

बर्तबाईंनी सकाळ व्हायची वाट पाहिली नाही. कात्री घेऊन त्या सगळ्या छोट्यांचे झगे आखूड करत बसल्या. नोएमी आपला नवा इवलासा झगा घालून आरशासमोर उड्या मारायला लागली. तिला अजून नीट बोलता येत नव्हतं. "माझा टुटू," ती म्हणाली, "बघा, माझा टुटू." सगळे हसले, आणि बॅलेच्या आखूड झग्याला तेच नाव पडलं, ते आजही आहे.

पहाटे निनेत उरलेले सगळे काठ टोपलीत घालून बागेत गेली. एक धागाही तिनं मागे ठेवला नव्हता. धुक्यातल्या मुलींनी ते घेतले, खांद्यांवर ओढले, आणि मग एकमेकींच्या जवळ सरकल्या. मोकळी जागा मिटली. त्यांना आता चेहरे होते. साधे, तरुण, झोप आलेले चेहरे. एकेक करून त्या उजळत गेल्या आणि झाडांमधून निघून गेल्या.

जाताना परीचा काठ त्यांनी तिला परत दिला होता, आणि आता परी गवतावर उभी होती. दोन गोरे, नाजुकसे पाय दवात भिजले होते. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि ती हसली.

"तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस," ती म्हणाली. "ते मागायची तुला गरजच पडणार नाही, असं आता मला दिसतंय."

तिनं निनेतच्या भेगाळलेल्या बोटांवर फुंकर घातली. बोटं मऊ आणि उबदार झाली. त्या दिवशी सूर्याला कारंजं सकाळीच सापडलं. त्याला पुन्हा फुटलेल्या पाण्याच्या पहिल्या थेंबावर ऊन पडलं, परीचे पंख केशरी झाले, गुलाबी झाले, मग डोळ्यांना सोसवेना इतके पांढरे झाले. निनेतनं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा बागेत नुसतं ऊन होतं, आणि एक पाखरू गात होतं.

नाटकघराच्या मागच्या दारात सिलवी उभी होती. तिच्या काखेत निनेतचं तळघरातलं अंथरूण गुंडाळलेलं होतं.

"चल," ती म्हणाली. "घरी चुलीवर दूध ठेवून आलेय, उतू जाईल."